विश्लेषण : ‘एच अँड एम’ची कार्बन कपात, हिशेब कंपनीचा, खर्च कोणाचा?

मॉलमधल्या शर्टच्या लेबलवर किंमत आणि साइज असते. तो शर्ट बनताना किती कार्बन हवेत गेला, हे मात्र नसते. स्वीडनच्या ‘एच अँड एम’ने हा हिशेब जाहीर करून तो निम्म्याहून खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते कसे गाठणार आणि त्याचा भार कोणावर पडणार, याविषयी…

उद्दिष्ट काय?

२०१९च्या तुलनेत २०३०पर्यंत हरितगृह वायूंचे उत्सर्जन ५६ टक्क्यांनी घटवायचे आणि २०४०पर्यंत ‘नेट झीरो’ गाठायचे. ‘सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह’ने या उद्दिष्टांना मान्यता दिली आहे.

‘स्कोप’ म्हणजे काय?

कंपनीने स्वतः जाळलेले इंधन म्हणजे ‘स्कोप १’. दुकाने-कार्यालयांसाठी विकत घेतलेली वीज ‘स्कोप २’. कापूस, सूत, कापड, रंगाई, वाहतूक असे बाकी सारे ‘स्कोप ३’. ‘एच अँड एम’चे स्वतःचे कारखाने नाहीत, माल बांगलादेश, चीन, भारत आदी देशांतील पुरवठादारांकडून येतो. त्यामुळे जवळपास सगळे उत्सर्जन ‘स्कोप ३’मध्येच मोडते. दुकानावर सोलर पॅनल बसवून हा प्रश्न सुटत नाही.

खरी अडचण कुठे?

बॉयलरमध्ये. कापड धुणे, रंगवणे, वाळवणे यासाठी वाफ लागते आणि ती बनवायला अनेक ठिकाणी कोळसा जाळला जातो. जागेवर कोळशाचे बॉयलर असलेला नवा पुरवठादार घ्यायचा नाही, असा निर्णय कंपनीने २०२२पासून लागू केला. जुन्यांना मात्र बायोमास, इलेक्ट्रिक बॉयलर किंवा हीट पंपाकडे वळवावे लागेल.

प्रगती किती?

कंपनीच्या २०२४च्या अहवालानुसार ‘स्कोप १ व २’ ४१ टक्क्यांनी, तर ‘स्कोप ३’ २४ टक्क्यांनी घटले. तोपर्यंत अकरापैकी पाच वर्षे सरली होती. मुख्य काम निम्म्याहून कमीच झाले होते.

पैसे कोण देणार?

बॉयलर बदलायचा तो कारखानदाराने आणि कर्ज त्याच्याच डोक्यावर. पुढच्या हंगामात ऑर्डर येईलच, याची खात्री नाही. ‘एच अँड एम’ने २०२३मध्ये डीबीएस बँकेसोबत पुरवठादारांसाठी हरित कर्जाची योजना आणली, पण कर्ज फेडावेच लागते. इचलकरंजीतल्या प्रोसेसिंग उद्योगालाही वाफ लागते. परदेशी ब्रँडने उद्या हीच अट घातली, तर खर्चाची वाटणी कशी करायची, हा प्रश्न तिथेही येईल.

ग्राहकाने काय पाहावे?

सप्टेंबर २०२२मध्ये नेदरलँड्सच्या ग्राहक व स्पर्धा नियामकाच्या चौकशीनंतर ‘एच अँड एम’ने ‘कॉन्शस’सारखी मोघम लेबले बदलण्याचे किंवा काढण्याचे मान्य केले. म्हणून कोणत्याही ब्रँडचा दावा वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात : आधारवर्ष कोणते, ‘स्कोप ३’ धरला आहे का आणि कपात एकूण उत्सर्जनात आहे की प्रतिनग? समजा, एका शर्टमागचे उत्सर्जन १० किलोवरून ८ किलोवर आले, पण शर्ट १००ऐवजी १५० विकले. तर एकूण उत्सर्जन १००० किलोवरून १२०० किलो होते. प्रतिनग कपात २० टक्के, हवेत मात्र २० टक्के जास्त कार्बन!