बॉडी नवी, मान जुनी: काकांच्या गिटारीसाठी लाकूड शोधताना

माझं पीएचडीचं काम लाकडावर नाही, संगीतावर तर नाहीच. बोल्टने जोडलेले दोन भाग एकत्र कंप पावतात तेव्हा जोडामध्ये किती ऊर्जा मुरते, हे मी मोजतो. मागच्या लेखात लिहिलं होतं तसं, दिवसभर हातात छोटा हातोडा आणि समोर कंपन मोजणारं सेन्सर. तरी घरी सगळ्यांना एवढंच कळलंय की ‘हा कंपनांवर काहीतरी करतो’. म्हणून दोन वर्षांपूर्वी काकांनी पोटमाळ्यावरून एक गिटारीची मान काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “हिला बॉडी करून दे. आवाज तोच आला पाहिजे.”

काका १९८० च्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपती, लग्नं, कॉलेजांची गॅदरिंग. त्यांची इलेक्ट्रिक गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीवर बनवलेली, कुठल्याच नावाची नव्हती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुर्ल्याच्या खोलीत पलंगाखाली ती बुडाली. बॉडी प्लायची होती. थर सुटले, फुगले, स्क्रू निघून आले. मान मात्र अखंड मेपलची. ती पुसून, वाळवून काकांनी ठेवून दिली. तीन पिकअपपैकी दोन चालू निघाले. त्यानंतर काकांनी गिटार वाजवली नाही.

‘आवाज तोच’ ही मागणी भावनेची असली तरी प्रश्न शास्त्राचा आहे. इलेक्ट्रिक गिटारीत लाकडाचं काम नक्की काय?

सतारीचं लाकूड आणि हे लाकूड

मिरजेची सतार आठवा. तार छेडली की कंपन घोडीतून तबलीत उतरतं, तबली हलते, ती हवा हलवते, आणि तो आवाज आपल्याला ऐकू येतो. तार स्वतः इतकी बारीक असते की ती हवा जवळपास ढकलतच नाही. म्हणजे सतारीत लाकूड हललंच पाहिजे.

इलेक्ट्रिक गिटारीत उलटं आहे. तारेखाली पिकअप असतो: चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सुमारे ७ ते ८ हजार वेढे. पोलादी तार चुंबकासमोर हलली की कॉइलमध्ये विजेचा बारीक दाब तयार होतो. फॅरेडेचा शाळेतला नियम, दुसरं काही नाही. पिकअपला लाकूड दिसत नाही, त्याला फक्त तारेची हालचाल कळते. इथे बॉडी जितकी कमी हलेल तितकी ऊर्जा तारेत टिकते.

लेस पॉल यांनी हे १९४० च्या सुमारासच करून दाखवलं. त्यांनी ४ इंच बाय ४ इंचांच्या पाइनच्या ओंडक्यावर मान, पिकअप आणि तारा बसवल्या. त्याला ‘लॉग’ म्हणतात. दोन्ही बाजूंना नेहमीच्या गिटारीचे कापलेले अर्धे भाग लावले ते दिसायला गिटार दिसावी म्हणून. आवाज ओंडक्यावरच्या तारेचाच होता.

मग लाकडाचा काहीच संबंध नाही का? असंही नाही. पिकअप ऐकतो तारेला, पण तार किती वेळ आणि कशी हलेल हे तिची दोन टोकं ठरवतात. टोक किंचित जरी हललं तरी तारेतली ऊर्जा तिकडे गळते. एखाद्या जागी ठरावीक जोर लावला तर ती जागा किती वेगाने हलते, हे आम्ही प्रयोगशाळेत रोज मोजतो. ते प्रत्येक वारंवारितेला वेगळं येतं. जिथे ते जास्त, तिथे सूर लवकर मरतो.

जर्मनीत हेल्मुट फ्लाइशर आणि टिलमान झ्विकर यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी हेच मोजमाप गिटारीवर केलं. गिटारवाल्यांना ‘डेड स्पॉट’ माहीत असतात: एखाद्या तारेवर एखाद्याच पडद्याला सूर बसका येतो, लगेच विझतो. त्या सुराची वारंवारिता आणि मानेच्या नैसर्गिक कंपनाची वारंवारिता जुळली की मान तारेची ऊर्जा पिऊन टाकते, हे त्यांच्या मोजमापांतून दिसलं. पुढे पॅरिसमध्ये आर्थर पाते यांनी २०१४ साली याच विषयावर पीएचडी केली. मानेवर मोजलेल्या हालचालीवरून सूर किती वेळ टिकेल याचा अंदाज बांधता येतो, हे त्यांच्या गटाने दाखवलं.

लक्षात घ्या, दोन्हीकडे मुख्य पात्र मान आहे. साहजिकच आहे. मान लांब आणि बारीक, बॉडी जाड आणि आखूड. वाकणार कोण?

मग कुठलं लाकूड?

फेंडर कंपनीने १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली तेव्हा बॉडी अ‍ॅश लाकडाची होती, दोनेक वर्षांत ती मुख्यतः आल्डरची झाली. दोन्ही लाकडं तिथे सहज मिळणारी. मी रे रोडच्या वखारीत गेलो तेव्हा माझ्यासमोर साग, आंबा आणि तून होतं.

मी निवड केली ती वजनावरून. अशा बॉडीचं आकारमान साधारण सव्वाचार लिटर भरतं. सागाची घनता घनमीटरला ६५० किलो धरली तर बॉडी पावणेतीन किलोची, त्यात मान आणि धातूचे भाग धरून गिटार ४ किलोची होते. आंबाही त्याच वजनाचा. तून साधारण ५०० धरला तर बॉडी दोन किलोच्या जरा वर. काकांचं वय ६८, उजवा खांदा धरलेला. त्या खांद्यावर सव्वासहाशे ग्रॅम कमी, हा फरक मला आवाजातल्या कुठल्याही फरकापेक्षा मोठा वाटला. शिवाय तून हा महोगनीच्याच कुळातला, आणि मिरजेत सतारींसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा. म्हणजे राऊटरखाली नीट वागेल याची खात्री.

माझी चूक

पहिली बॉडी मी जुलैमध्ये केली आणि ती फुकट गेली. दोन फळ्या रंधून फेव्हिकॉलने जोडल्या, आकार कापला, मानेसाठी खाच केली. मान खाचेत अशी बसली की बोल्ट न लावता गिटार उचलता येत होती. मी खूश.

फेब्रुवारीत तीच मान खाचेत डुगडुगायला लागली.

झालं काय, तर लाकूड म्हणजे हवेशी सतत देवाणघेवाण करणारी वस्तू. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडात शेवटी सुमारे १२ टक्के पाणी उरतं, ८० टक्के असेल तर १६ च्या आसपास. पावसाळ्यातल्या वखारीतली माझी फळी १८ टक्क्यांवर होती. मी मोजलंच नव्हतं, उरलेल्या तुकड्यावरून नंतर कळलं. नंतर ती वातानुकूलित प्रयोगशाळेत पडून १० टक्क्यांपर्यंत वाळली. मान जुनी, मुरलेली, लाखेने झाकलेली. तीही थोडी आकसली, पण बॉडी तिच्यापेक्षा सुमारे ५ टक्के जास्त पाणी गमावून बसली.

आता हिशोब. लाकूड रेषांना आडवं आकसतं तेव्हा १ टक्का पाण्यामागे साधारण पाव टक्का आकसतं. खाच ५६ मिलिमीटर रुंद. म्हणजे ५६ गुणिले ०.००२५ गुणिले ५, बरोबर ०.७ मिलिमीटर.

इथे तुम्ही म्हणाल, लाकूड आकसलं तर खाच घट्ट व्हायला हवी, सैल कशी झाली? मलाही आधी हेच वाटलं. अखंड लाकडातलं भोक लाकडाबरोबरच लहान होतं, हे खरं. मान अडकून बसायला हवी होती. आणि ती बसलीच. खाचेच्या दोन्ही भिंती मानेवर दाबल्या गेल्या, आणि एका बाजूची भिंत, जी शिंगाकडे जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची असते, ती रेषेवरून तडकली. भेग इतकी बारीक होती की मला आठवडाभर दिसली नाही. डुगडुग त्या भेगेची होती.

पाऊण मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. खाचेची लांबी ७६ मिलिमीटर, आणि मानेचं दुसरं टोक खाचेपासून साडेचारशे मिलिमीटरहून लांब. खाचेत ०.७ ची सैलता मिळाली तर त्या टोकाला ती ४ मिलिमीटरच्या वर जाते. पातळ ई तार पडद्यांच्या कडेवरून खाली घसरायला एवढं पुष्कळ आहे.

मिरजेच्या एका सतार बनवणाऱ्या कारागिरांना मी फोनवर हे सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. एवढंच विचारलं, “लाकूड किती पावसाळे पाहिलेलं होतं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरी बॉडी

दुसऱ्या वेळी मी फळ्या उभ्या चिरलेल्या निवडल्या, कारण तशा कापात रुंदीतलं आकसणं बरंच कमी होतं. मग त्या घरातच रचून ठेवल्या, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक तुकडा ठेवायचो. सलग चार रविवार वजन बदललं नाही तेव्हा काम सुरू केलं. सहा महिने गेले. काका दर महिन्याला विचारायचे, “झाली का?” आणि मी म्हणायचो, “वाळतेय.”

कापायला सुरुवात केली तेव्हा ज्या गोष्टी आवाजावर खरंच परिणाम करतात त्यांच्याकडे जास्त लक्ष दिलं.

पहिली गोष्ट, ब्रिजची जागा. वरच्या टोकाच्या पट्टीपासून बारावा पडदा ३२४ मिलिमीटरवर आहे. तारेची लांबी त्याच्या दुप्पट, ६४८. त्यामुळे आधी मान बसवली, मग मध्यरेषा दोऱ्याने आखली, आणि मगच ब्रिजची भोकं पाडली. उलट क्रमाने केलं तर गिटार वरच्या पडद्यांवर कायमची बेसूर होते, आणि त्यावर लाकडाची जात काही करू शकत नाही.

दुसरी, पिकअपची जागा. मानेजवळचा पिकअप ब्रिजपासून १६२ मिलिमीटरवर येतो, म्हणजे तारेच्या बरोबर पाव भागावर. मोकळ्या तारेचा चौथा स्वरांश तिथे हलतच नाही, त्यामुळे पिकअपला तो ऐकूच येत नाही. त्या पिकअपचा गोल, मऊ आवाज काही अंशी या गैरहजेरीतून येतो. खाच ५ मिलिमीटर सरकली असती तर ‘तोच आवाज’ तिथेच हातचा गेला असता. म्हणून मी जुन्या सडलेल्या प्लायवर वर्तमानपत्र ठेवून पिकअपच्या खाचा पेन्सिलने उतरवून घेतल्या. ती बॉडी काकांनी फेकली नव्हती, हे आमचं नशीब.

तिसरी, मानेचा जोड. हा तर माझाच विषय. खाचेचा तळ सपाट असेल आणि चार बोल्ट सारखे आवळलेले असतील, तर जोडातलं घासणं कमी आणि ऊर्जेची गळतीही कमी. रंग मी खाचेच्या बाहेरच ठेवला.

आवाज तोच आला का?

खरं सांगायचं तर हे मला मोजता येत नाही. जुन्या बॉडीवरचं कुठलंच मोजमाप नाही. एक कॅसेट आहे, पण तिच्यात हॉलचा घुमारा, अ‍ॅम्प्लिफायर आणि चाळीस वर्षांची बुरशी आहे. तारा नव्या, एक पिकअप नवा, काकांचे कान जुने. यातून ‘तुनीचं लाकूड प्लायसारखं वाजतं’ असा निष्कर्ष काढला तर माझ्या गाईड मॅडम मला उभं करतील.

पण एक गोष्ट झाली. काकांनी तारा लावल्या, सुरात आणल्या आणि एक जुनी धून वाजवायला घेतली. मध्ये एका सुराला त्यांचा हात जी तारेवरून उडी मारून बी तारेवर गेला. विचारलं तर म्हणाले, “जीवर सहाव्या पडद्याला सूर बसतो ना हिचा. आम्ही तिकडे जायचोच नाही.” सतरा-अठरा वर्षं न वाजवताही बोटांना ते आठवत होतं.

मी दुसऱ्या दिवशी सेन्सर घरी आणलं. जी तारेवर एकेक पडदा छेडून सूर किती वेळ टिकतो ते मोजलं. सहावा पडदा ठीक होता. पाचव्याला सूर झटकन विझत होता. बसकी जागा एका पडद्याने सरकली होती, गेली नव्हती. फ्लाइशर आणि झ्विकर वाचलेल्या माणसाला यात आश्चर्य नाही: खोड मानेची, आणि मान तीच आहे. नव्या बॉडीने वजन आणि जोड बदलला, तेवढी ती खोड हलली. एका गिटारीवरून आणि एका माणसाच्या आठवणीवरून सिद्ध काहीच होत नाही, पण जे वाचलं होतं त्याच्याशी हे जुळतं.

काकांना आलेख दाखवला. त्यांनी तो बाजूला ठेवला, पाचव्या पडद्यावर बोट दाबलं, बसका सूर ऐकला आणि म्हणाले, “म्हणजे हीच ती.”

गणपतीत वाजवणार आहेत. खांदा दुखला तर बसून वाजवतील.