धंदा विकत घेताय? आधी लाइट बिल मागा

भोसरी, सातपूर, शिरोली… कुठल्याही एमआयडीसीत ‘चालू कारखाना विकणे आहे’ असा फलक दिसतो. घेणारा शेड बघतो, यंत्रं चालवून बघतो आणि भाव पाडतो. यंत्रातली खोट कळते. जुनी देणी मात्र सौदा झाल्यावर वर येतात.

कंपनीचे शेअर घेतले, तर तिची देणी तिच्यासोबतच येतात. एकट्या मालकाचा चालू धंदा घेतला तरी पूर्ण सुटका नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ८५ नुसार विक्रीपर्यंतचा थकीत कर, व्याज आणि दंड यांना विकणारा व घेणारा दोघेही जबाबदार असतात; कराची रक्कम विक्रीनंतर निश्चित झाली तरीही. कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची थकबाकीही नव्या मालकाकडे मागता येते. जुन्या कामगारांची ग्रॅच्युइटी तर दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराने साचत आलेली असते. ताळेबंदात तिची तरतूद नसेल, तर किमतीतून वजा करा. एमआयडीसीची जमीन सहसा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते. ती नावावर करायला महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं. ते कोण भरणार, हे आधीच ठरवा.

विकणाऱ्याचा ताळेबंद जरूर वाचा, पण तो ताडून बघा दुसऱ्यांनी दिलेल्या कागदांवर. तीन वर्षांची जीएसटी विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे शेजारी ठेवा. महावितरणची बिलं मागा: विक्री दुप्पट झाली आणि युनिट तेवढीच राहिली, तर कारण विचारा. कंपनी असेल तर तिच्या मालमत्तेवरचा कर्जाचा बोजा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतो. बहुतेक काम एकाच गिऱ्हाइकाचं असेल, तर त्याला भेटा. मालक बदलल्यावर तो ऑर्डर देईल का, यावर निम्मी किंमत अवलंबून असते.

‘कागदावर कमी दिसतंय, खरा धंदा दुप्पट आहे,’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. तेव्हा भाव कागदावरच्या नफ्याचाच लावा. लपवलेली विक्री उद्या उघडकीला आली, तर तिचा कर तुमच्याकडेही मागितला जाईल.

सीए आणि वकिलाची फी या सौद्यातला सर्वांत स्वस्त खर्च आहे. जुन्या देण्यांची हमी करारात लिहून घ्या आणि किमतीचा काही हिस्सा ठरावीक मुदतीपर्यंत हातात ठेवा. विकणारा यालाही तयार नसेल, तर इसार देऊ नका.