बिल्ला: वापरा आणि ठेवा

वडोदऱ्याहून भरूचकडे निघालं की हायवेवर करजण लागतं. उन्हाळ्यात अशा गावात थंड सोसियो मागवला, की ओपनर लागताच ‘टप्प’ करून उडतो तो बिल्ला. सोसियो हे सुरतेचं शीतपेय, १९२३ पासूनचं. आणि गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे इथला बिल्ला सोडा-सरबताचाच. निदान कायद्याने तरी!

हा बिल्ला बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरचा, पेटंट १८९२ चं. तेव्हा दात २४, आता २१. एकदा उघडला की कामातून गेला, यातच धंदा. पेंटरने आपल्या एका सेल्समनलाही सल्ला दिला: लोक वापरून टाकतील आणि पुन्हा घ्यायला येतील, असं काहीतरी काढ. सेल्समनचं नाव किंग जिलेट. पुढचं तुमच्या दाढीला ठाऊक आहे.

आपल्याला टाकवतं कुठे? साबणाच्या वडीत बिल्ला दातांकडून दाबून बसवा, ती बाजू खाली ठेवली की वडी ओल्यात लोळत नाही, लवकर विरघळतही नाही. लाकडी पट्टीवर दात वर करून दोन-तीन ठोका, माशाचे खवले झरझर निघतात.

पण खरी मजा भिंगरीची. बिल्ला दगडाने ठेचून सपाट करायचा, खिळ्याने मधोमध दोन भोकं पाडायची, दोरा ओवून गाठ मारायची. पीळ भरला की ओढ-सैल, ओढ-सैल... भर्रर्र! (कडेने बोट कापतं, आधीच सांगितलेलं बरं.) याच तत्त्वावर स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या चमूने २०१७ साली कागदी भिंगरी केली. मिनिटाला सव्वा लाख फेरे, रक्तातले घटक वेगळे, खर्च २० सेंट, वीज शून्य.

काही उपद्व्यापी पोरं बिल्ला रुळावर ठेवून सपाट करत. तुम्ही करू नका. करजणच्या पहिल्या गाडीखाली तर ते जमलंही नसतं. खंडेराव गायकवाडांच्या राज्यातली मियागाम (म्हणजे करजणचंच स्टेशन)–डभोई ही देशातली पहिली नॅरोगेज, १८६२ ची, आणि गाडी ओढायला बैल! इंजिन नियमित धावू लागलं ते बरंच नंतर. बिल्ला तर त्याहूनही नंतरचा.

हे झालं पत्र्याच्या बिल्ल्याचं; प्लास्टिकच्या झाकणाची गंमत बादलीत दिसते. पाण्याच्या बाटलीचे तुकडे आणि झाकण पाण्यात टाका: तुकडे बुडतात, झाकण तरंगतं. बाटली पीईटीची, झाकण बहुधा एचडीपीई किंवा पॉलीप्रॉपिलीनचं, पाण्याहून हलकं. रिसायकलवाले दोन्ही असेच वेगळे करतात.

युरोपियन युनियनमध्ये ३ जुलै २०२४ पासून पेयाच्या प्लास्टिक बाटलीचं झाकण बाटलीलाच जोडलेलं ठेवावं लागतं. तिथल्या पोरांनी खेळायला आणायचं कुठून?