स्मृतिभ्रंश आणि अखेरच्या खर्चाचा विमा : चटकन वाचाव्यात अशा दहा गोष्टी

अमेरिकेत मरणही महाग आहे. तिथल्या अंत्यविधी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३मध्ये काढलेला आकडा पाहा : अंत्यदर्शन आणि दफन मिळून साधारण ८,३०० डॉलर, अंत्यदर्शन आणि दहन मिळून ६,२८०. दफनभूमीतल्या जागेचे पैसे वेगळेच. हा भार मुलांवर पडू नये म्हणून तिथले ज्येष्ठ ‘फायनल एक्स्पेन्स’ नावाचा छोटा आयुर्विमा घेतात. पण अर्जदाराला स्मृतिभ्रंश असेल तर? मग विमा कंपनी काय बघते, कुठे अडते आणि कुठली वाट मोकळी राहते? न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत ज्यांचे आईवडील मुलांकडे कायमचे राहायला गेले आहेत, त्या मराठी घरांनी तर हे वाचायलाच हवं.

१. सरकारी मदत फक्त २५५ डॉलर

सोशल सिक्युरिटीकडून मृत्यूनंतर पात्र जोडीदाराला किंवा मुलाला एकरकमी मदत मिळते. तिची कमाल मर्यादा २५५ डॉलर. ही मर्यादा १९५४पासून तसूभरही हललेली नाही. एवढ्या पैशांत आज साधी शवपेटीही येत नाही. छोट्या विम्याला एवढी मागणी का, याचं उत्तर इथेच मिळतं.

२. तपासणी नाही, पण प्रश्न आहेत

हा विमा बहुधा ५ ते २५ हजार डॉलरचा असतो आणि साधारण पन्नाशीपासून पंच्याऐंशीपर्यंत मिळतो. हप्ता आयुष्यभर तोच. रक्त-लघवीची तपासणी नाही, डॉक्टरकडे जाणं नाही. अर्जावर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर द्यायचे प्रश्न असतात. अल्झायमर किंवा स्मृतिभ्रंशाचं निदान झालंय का, हा प्रश्न बहुतेक अर्जांत पहिल्याच गटात येतो. एजंट या गटाला ‘नॉकआउट’ प्रश्न म्हणतात. एकाला जरी ‘हो’ म्हटलं तरी अर्ज तिथेच थांबतो.

३. मधुमेह चालतो, स्मृतिभ्रंश का नाही?

गोळ्यांवर असलेला मधुमेह किंवा रक्तदाब बऱ्याच कंपन्या नेहमीच्या दरात स्वीकारतात. काही वर्षांपूर्वी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटकाही अनेक ठिकाणी चालतो. स्मृतिभ्रंशाचं गणित निराळं आहे. तो वाढत जातो आणि त्यावर आजतरी कायमचा इलाज नाही. पासष्टीनंतर अल्झायमरचं निदान झालेली माणसं सरासरी चार ते आठ वर्षं जगतात, काही जण वीस वर्षंही काढतात. पुढे पुढे गिळताना ठसका लागणं, पडणं, न्यूमोनिया यांचा धोका वाढतो. गोळ्या वेळेवर घेणंही जमत नाही, त्यामुळे आटोक्यातले जुने आजार पुन्हा डोकं वर काढतात. जोखीम ठरवणारा अंडररायटर या सगळ्याचा एकत्र विचार करतो.

४. औषधांची यादी अर्जाच्याही आधी बोलते

अर्जावर सही करताना आपण कंपनीला औषधांचा इतिहास पाहायची परवानगीही देतो. मग ‘मिलिमन इंटेलिस्क्रिप्ट’सारख्या सेवांमधून गेल्या काही वर्षांत कुठली औषधं घेतली, ते काही क्षणांत समोर येतं. यादीत डोनेपेझिल, मेमँटिन किंवा रिव्हास्टिग्मिन दिसलं की बहुतेक कंपन्या ते स्मृतिभ्रंशाचं औषध म्हणूनच वाचतात. ‘डॉक्टरांनी निदान केलेलं नाही, जरा विसरायला होतं म्हणून गोळी दिली,’ हे खरं असलं तरी अर्ज पुढे सरकत नाही. याशिवाय ‘एमआयबी’ आहे. १९०२ साली स्थापन झालेली ही संस्था विमा कंपन्यांची सामाईक माहिती सांभाळते. एका कंपनीच्या अर्जात सांगितलेला आजार दुसऱ्या कंपनीच्या अर्जात लपवला, तर तो इथे उघड होऊ शकतो.

५. दहा शब्दांची परीक्षा

छोट्या विम्यात ही वेळ सहसा येत नाही. पण सत्तरीपुढे मोठ्या रकमेचा किंवा दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा मागितला, तर स्मरणशक्ती तपासली जाते. एक प्रसिद्ध पद्धत अशी : दहा साधे शब्द द्यायचे, अर्जदाराने प्रत्येक शब्दाचं वाक्य करायचं, मध्ये पाच मिनिटं दुसऱ्या विषयात घालवायची आणि मग विचारायचं, ‘मघाचे शब्द सांगता का?’ दुसरी चाचणी ‘मोका’, एकूण ३० गुणांची. तिच्यात घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची असतात. काटे कुठे जायला हवेत हे ठरवताना स्मरण, नियोजन आणि जागेची जाण अशी तिन्हींची कसोटी लागते.

६. एक दार सगळ्यांसाठी उघडं

त्या दाराचं नाव ‘गॅरंटीड इश्यू’. वयाच्या अटीत बसलात की विमा मिळतो, आरोग्याचा एकही प्रश्न नाही. स्मृतिभ्रंशाचं निदान झालेल्यांसाठी बहुधा हाच पर्याय उरतो. हप्ता जास्त असतो आणि पहिली दोन वर्षं, कुठे कुठे तीन, थांबावं लागतं. या काळात नैसर्गिक मृत्यू झाला तर विम्याची रक्कम मिळत नाही. भरलेले हप्ते आणि त्यावर बहुतेक ठिकाणी १० टक्के एवढंच परत मिळतं. समजा महिना ८० डॉलर हप्ता आहे आणि चौदा हप्ते भरून झाल्यावर मृत्यू झाला. भरले १,१२०, हाती आले १,२३२. अपघाती मृत्यूला मात्र सहसा पहिल्या दिवसापासून पूर्ण रक्कम मिळते.

७. सही कुणाची?

आरोग्याचे प्रश्न नसले तरी करार समजण्याची क्षमता लागतेच. आपण काय घेतोय, हप्ता किती, पैसे कुणाला मिळणार, हे अर्जदाराला कळायला हवं. मुलाकडे मुखत्यारपत्र असलं तरी नव्या अर्जावर त्याची सही अनेक कंपन्या घेत नाहीत. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात बरीच माणसं हे सगळं नीट समजून सही करू शकतात. आपल्याकडेही १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२ सांगतं की एरवी भान नसलेली व्यक्ती भानावर असेल तेव्हा केलेला करार वैध ठरतो.

८. खोटं ‘नाही’ महागात पडतं

‘लिहा नाही, कोण बघतंय’ असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला तिथूनच नमस्कार करा. अमेरिकेत पहिल्या दोन वर्षांत मृत्यू झाला तर कंपनी जुने वैद्यकीय कागद मागवून अर्ज पुन्हा तपासू शकते. महत्त्वाची गोष्ट लपवल्याचं दिसलं की क्लेम नाकारून फक्त हप्ते परत करते. भारतात विमा कायद्याच्या कलम ४५नुसार ही मुदत तीन वर्षांची आहे. दुःखाच्या दिवसांत कुटुंबाला कागदपत्रांची लढाई लढावी लागते, आणि ज्या खर्चासाठी विमा काढला तो शेवटी खिशातूनच जातो.

९. चांगली पॉलिसी विसरण्यामुळे बुडते

हे सगळ्यात चटका लावणारं. वीस वर्षं नेमाने हप्ता भरणारी व्यक्ती आजारामुळे दोन हप्ते विसरते आणि पॉलिसी बंद पडते. म्हणून काही राज्यांनी कायदा केला. फ्लोरिडात ६४ किंवा त्याहून अधिक वयाच्या विमाधारकाची वर्षभर चाललेली पॉलिसी बंद करण्यापूर्वी किमान २१ दिवस आधी त्याला, आणि त्याने दुसरं नाव दिलं असेल तर त्या व्यक्तीलाही, कळवावं लागतं. कॅलिफोर्नियात हप्त्यासाठी ६० दिवसांची सवलत आहे आणि तिथेही असं दुसरं नाव नोंदवता येतं. हे नाव लिहायला पैसे पडत नाहीत, तरी असंख्य अर्जांत ती जागा कोरी राहते.

१०. विम्याशिवायही वाट आहे

दोन वर्षं थांबणं परवडणारं नसेल, तर अंत्यविधीचे पैसे आधीच परत न घेता येणाऱ्या ट्रस्टमध्ये ठेवता येतात. ‘मेडिकेड’ या सरकारी आरोग्य योजनेसाठी मालमत्ता मोजताना बहुतेक राज्यांत ते ठरावीक मर्यादेपर्यंत धरत नाहीत. १९८४पासून लागू असलेल्या ‘फ्युनरल रूल’मुळे अंत्यविधी करणाऱ्यांना फोनवरसुद्धा दर सांगावेच लागतात, म्हणजे दोन-चार ठिकाणी चौकशी करता येते. शिवाय अंत्यदर्शनाशिवाय साधं दहन हा सगळ्यात स्वस्त मार्गांपैकी एक. अमेरिकेत आता निम्म्याहून जास्त अंत्यविधी दहनाचेच होतात, त्यामुळे आपल्या घरांसाठी ही सोय जवळपास सगळीकडे आहे.

या सगळ्याचं सार एवढंच की विम्याचा निर्णय निदानाच्या आधी घ्यावा. आईबाबांची तब्येत ठणठणीत असतानाच त्यांच्याशी मोकळेपणी बोला, त्यांची इच्छा विचारा, अर्ज त्यांच्याच हातून भरून घ्या. निदान झालं असेल तर लपवू नका, ‘गॅरंटीड इश्यू’ आणि ट्रस्ट यांची तुलना करा. आणि पॉलिसी आधीच असेल, तर याच आठवड्यात कंपनीला फोन करून दुसरं नाव नोंदवायला सांगा.