मुखशल्यक्रियेतील टाक्यांची पद्धत आणि जखमेच्या बंधाची मजबुती : डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
१ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वारली व अन्य आदिवासी समाजांची वस्ती दूरदूरच्या पाड्यांवर विखुरलेली आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्टी व बांधकामाच्या मजुरीसाठी स्थलांतर करतात. दाढ काढल्यानंतर असा रुग्ण टाके काढण्यासाठी परत येईलच, असे गृहीत धरता येत नाही. येण्याजाण्यात एका दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे पहिल्याच वेळी घातलेला टाका टिकणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते. ही टिकाऊ मजबुती कशावर अवलंबून असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

टाक्याचे कार्य :
टाका जखम भरून आणत नाही. ती भरेपर्यंत तिच्या कडा एकत्र धरून ठेवतो. त्वचेच्या जखमेत पहिल्या आठवड्याअखेर मूळ ताकदीच्या जेमतेम ३ टक्के, तर तिसऱ्या आठवड्याअखेर सुमारे २० टक्के ताकद येते. तोंडातील श्लेष्मल त्वचा तुलनेने लवकर भरते; तथापि आरंभीच्या दिवसांत जीभ, गाल व चर्वण यांचा ताण टाक्यांनाच सोसावा लागतो.

बंध का सुटतो?
बंध दोन प्रकारे सुटतो : एक तर दोरा तुटतो वा गाठ सरकते, अथवा दोरा शाबूत राहून ऊतीच फाटते. फार बारीक दोरा स्वतः तुटतो, तर जाड दोरा नाजूक हिरडी चिरतो. म्हणून जाड दोरा म्हणजे मजबूत बंध, हा समज योग्य नव्हे. सुई कडेपासून साधारण २ ते ३ मिलिमीटर अंतरावर घातल्यास ऊतीची पुरेशी पकड मिळते. टाका अति आवळल्यास कडेचा रक्तपुरवठा खुंटतो, ऊती मृत होते आणि सूज वाढताच दोरा तिला कापत बाहेर येतो. कडा जुळाव्यात, पण पांढऱ्या पडू नयेत, हीच योग्य ताणाची खूण होय.

टाक्यांच्या पद्धती :
साध्या खंडित टाक्यांत प्रत्येक गाठ स्वतंत्र असते. त्यामुळे एक सुटला तरी शेष टाके जखम सांभाळतात. अखंड टाक्यात ताण सर्वत्र सारखा विभागला जातो व वेळ वाचतो. परंतु दोरा एके ठिकाणी तुटल्यास संपूर्ण बंध सैल पडतो. आडव्या मॅट्रेस टाक्यात ताण अधिक रुंद भागावर पसरतो, म्हणून ताण जास्त असेल तेथे तो उपयुक्त ठरतो. मात्र घट्ट बांधल्यास रक्तपुरवठ्यास बाधा येते. दात काढल्यावरच्या खाचेतील रक्ताची गुठळी जागेवर राखण्यासाठी इंग्रजी आठच्या आकाराचा टाका वापरतात.

दोरा व गाठ :
रेशमी दोरा हाताळण्यास सुलभ असतो व त्याची गाठ पक्की बसते. परंतु तो लाळ व जंतू शोषून घेतो आणि साधारणतः सात ते दहा दिवसांत काढावा लागतो. विरघळणाऱ्या पॉलिग्लॅक्टिन दोऱ्याची ताकद दोन आठवड्यांनंतरही बरीचशी शिल्लक राहते व तो काढण्याची गरज सहसा नसते. कोणत्याही दोऱ्याचा सर्वांत दुर्बल बिंदू म्हणजे गाठ. म्हणून ती चौकोनी असावी आणि जखमेच्या रेषेवर न येता एका बाजूस बसावी.

निष्कर्ष :
बंधाची मजबुती ही दोऱ्याच्या जाडीपेक्षा ताणाच्या योग्य विभागणीवर आणि गाठीच्या पक्केपणावर अधिक अवलंबून असते. डहाणू-तलासरीसारख्या भागात रुग्ण परत येण्याची शक्यता हाही दोरा व पद्धत निवडण्याचा एक निकष मानला पाहिजे. पुनर्भेट अनिश्चित असेल तेथे विरघळणारा दोरा व खंडित टाके अधिक सुरक्षित ठरतात. तथापि विरघळणारा दोरा तपासणीची जागा घेऊ शकत नाही. वाढती सूज, पू, ताप वा न थांबणारा रक्तस्राव दिसल्यास तत्काळ परत यावे, ही सूचना रुग्णास त्याच्या बोलीत समजावून देणे हा उपचाराचाच भाग होय.