कानात वाजणारी नाडी

साकीनाक्याला शांतता मिळते ती मध्यरात्र उलटल्यावर. शेवटची मेट्रो गेलेली, गाळ्यांतली मशिनं बंद, सिग्नलवरचे हॉर्न थकलेले. अशा वेळी उशीवर डोकं टेकताच एका कानात ‘फुस्स-फुस्स’ असं काही ऐकू येत असेल, तर मनगटावर बोट ठेवून पाहा. आवाजाचा ठेका नाडीशी जुळला, तर तो वाहत्या रक्ताचा असू शकतो.

त्याचं एक दुर्मीळ कारण म्हणजे ड्युरल फिस्टुला. ‘ड्युरा’ हे मेंदूचं बाहेरचं जाड आवरण. धमनीतल्या रक्ताचा जोर एरवी केशवाहिन्यांच्या जाळ्यात ओसरतो, मग ते शिरांत उतरतं. इथे मधलं जाळंच टळतं आणि धमनी थेट शिरेला मिळते. पंपाची लाइन गटाराच्या पाइपाला जोडावी तशी. ही जोडणी बहुधा जन्मजात नसते. शिरेत गुठळी झाल्यावर किंवा डोक्याला मार लागल्यावर ती तयार होऊ शकते.

रक्त मोठ्या शिरेतून सरळ खाली उतरत असेल, तर त्रास बहुधा आवाजापुरता राहतो. ते उलटं फिरून मेंदूवरच्या नाजूक शिरांत घुसलं, तर फिट येऊ शकते, रक्तस्रावही होऊ शकतो. साध्या एमआरआयमध्ये हा दोष निसटू शकतो. पक्कं निदान डीएसए अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या एक्स-रे चित्रणात होतं.

उपचारासाठी बहुतेकदा कवटी उघडावी लागत नाही. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून एक मिलिमीटरपेक्षाही बारीक नळी ड्युरापर्यंत नेतात आणि ‘ऑनिक्स’ नावाचा काळा द्रव सोडतात. टँटलम धातूच्या भुकटीमुळे तो एक्स-रेच्या पडद्यावर दिसतो. रक्तात शिरताच त्यातला द्रावक निघून जातो आणि तो लाव्ह्यासारखा बाहेरून आत घट्ट होतो. डॉक्टर थोडा ढकलतात, थांबतात, पुन्हा ढकलतात. नुसती धमनी बुजवून भागत नाही, शेजारच्या धमन्या रक्त पुरवू लागतात. शिरेचं तोंडच बंद व्हावं लागतं. पण द्रव भलत्या फांदीत गेला, तर दृष्टी जाऊ शकते किंवा चेहरा वाकडा होऊ शकतो. उपचारानंतर रुग्णाच्या श्वासाला लसणासारखा वास येतो. तो द्रावकाचा, काही काळाने जातो.

अशी सोय परळच्या केईएमसारख्या महापालिकेच्या रुग्णालयातही आहे. कानात नाडी वाजत असेल, तर तेल घालत बसू नका. डॉक्टरांना कानामागे स्टेथोस्कोप लावून ऐकायला सांगा. कधीकधी तो आवाज त्यांनाही ऐकू येतो.