खुडूक कोंबडीची ऊब

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, बफेलो आणि रॉचेस्टर या शहरांच्या मध्ये, बटेव्हिया नावाचं छोटं शहर आहे. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या मॅसी-हॅरिस कंपनीचा तिथे मोठा कारखाना होता आणि शहरातली कितीतरी घरं त्याच्यावर चालायची. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्याला टाळं लागलं. मागे उरली साडेआठ लाख चौरस फुटांची ओकीबोकी इमारत. मन्कुसो नावाच्या स्थानिक व्यापारी कुटुंबाने ती विकत घेतली आणि भाड्याने द्यायची जबाबदारी टाकली ती घरचं हार्डवेअरचं दुकान सांभाळणाऱ्या जोसेफवर.

अख्खी इमारत एकट्याने घेईल असा भाडेकरू काही सापडेना. तेव्हा 1959 मध्ये जोसेफने तिचे भाग पाडून छोट्या धंदेवाल्यांना द्यायला सुरुवात केली. भाडेकरू टिकला तरच भाडं मिळणार, हे दुकानदाराच्या मुलाला सांगावं लागत नाही. म्हणून त्याने करार थोड्या मुदतीचे ठेवले, ऑफिसच्या सोयी सगळ्यांना मिळून वापरायला दिल्या, हिशेबापासून कर्ज मिळवण्यापर्यंत लागेल तिथे हात दिला. सुरुवातीच्या भाडेकरूंमध्ये कोंबड्यांचा धंदा करणारी एक कंपनी होती. इमारतीत पिल्लं बागडताना बघून जोसेफ गमतीने या सगळ्या खटाटोपाला ‘इनक्युबेटर’ म्हणू लागला. अंडी उबवायच्या पेटीचं नाव अशा रीतीने उद्योगांच्या पाळण्याला चिकटलं आणि जगभर गेलं.

मराठीत त्याला उबवणी केंद्र, उद्भवन केंद्र असे शब्द केले गेले, पण बोलताना सगळे इनक्युबेटरच म्हणतात. कल्पना मात्र आपल्याकडे कुणालाही चटकन कळावी अशी आहे. खुडूक बसलेली कोंबडी 21 दिवस अंड्यांवरून फारशी हलत नाही. दाणापाण्यापुरती उठते, पुन्हा येऊन बसते, चोचीने अंडी फिरवत राहते. पिल्लू अंड्यातच असतं. कोंबडी त्याला ऊब देते आणि वेळ मिळवून देते.

नव्या उद्योगाला नेमका हा वेळच मिळत नाही. अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार तिथले सुमारे निम्मे नवे व्यवसाय पाच वर्षांच्या आत बंद पडतात, आणि पाचातला एक तर पहिल्याच वर्षी. अनेकदा माल वाईट नसतो, मेहनतही कमी पडत नाही. नियमित गिऱ्हाईक बांधलं जाण्याआधी गाठीचे पैसे संपतात, इतकंच. माल गेलेला असतो, बिल अडकलेलं असतं आणि महिन्याची एक तारीख तोंडावर आलेली असते. लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांत चुकते करावेत असा आपल्याकडे 2006 पासून कायदा आहे. पण जो एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर जगतो, तो त्याच गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार घेऊन जायला सहसा धजत नाही.

औषध, रसायन किंवा वैद्यकीय उपकरण बनवणाऱ्याची अडचण याहून बिकट. समजा, एखाद्या संशोधक तरुणीला रोगनिदानाची स्वस्त चाचणी तयार करायची आहे. तिने पुण्याजवळ भोसरीत गाळा घेतला. आता तिला विषारी वाफा ओढून घेणारा फ्यूम हूड लागेल, नमुने ठेवायला उणे 80 अंशांचा डीप फ्रीझर लागेल. रात्री वीज गेली आणि जनरेटर चालू झाला नाही, तर सकाळपर्यंत कित्येक महिन्यांच्या नमुन्यांची माती. रसायनं वापरायची, सांडपाणी सोडायचं, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती हवी. एखादी तपासणी वर्षातून चारदाच करायची असेल, तरी तिचं यंत्र लाखाच्या नव्हे, कोटीच्या घरातलं. म्हणजे चाचणी चालते की नाही हे कळण्याच्या आधीच घर गहाण पडायची वेळ.

पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे. ना-नफा तत्त्वावर चालणारी ही संस्था 2007 मध्ये सुरू झाली ती नेमक्या अशा लोकांसाठी. रसायन, जीवशास्त्र, नवे पदार्थ आणि अभियांत्रिकी हे तिचं क्षेत्र. वरच्या उदाहरणातली तरुणी इथे आली, तर सगळी प्रयोगशाळा उभारण्याऐवजी तिला लागेल तेवढी जागा भाड्याने घेता येते. महागडं यंत्र वापरापुरते पैसे देऊन वापरता येतं. पेटंटचा अर्ज लिहायला जाणकार माणूस त्याच आवारात भेटतो. वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून त्यातला लगदा आणि प्लास्टिक वेगळं करणारी पॅडकेअर लॅब्ज ही पुण्याची कंपनी याच केंद्राच्या आधाराने वाढली. अशा कामाला घराचं गॅरेज पुरत नाही. तिथे प्रयोग करून बघायला, फसायला आणि पुन्हा करायला सुरक्षित जागा लागते.

शेजाराचाही एक गुण असतो. शेजारच्या टेबलावरच्या कंपनीने मागच्या वर्षी वैद्यकीय उपकरणाचा परवाना काढलेला असतो. कुठला कागद कुठे अडतो, कुठली प्रयोगशाळा वेळेवर अहवाल देते, हे ती माणसं चहा पिता पिता सांगून टाकतात. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात मिळत नाही, आणि सल्लागाराकडून विकत घ्यायचं तर नवख्याला परवडत नाही.

पैशाचं गणितही आता बऱ्याच अंशी या केंद्रांमधून जातं. केंद्र सरकारची बायरॅक ही संस्था 2012 पासून जैवतंत्रज्ञानातल्या नव्या कल्पनांना पाठबळ देते. तिच्या ‘बिग’ योजनेत 18 महिन्यांसाठी 50 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. ते हप्त्याहप्त्याने येतं. ठरलेला टप्पा गाठला की पुढचा हप्ता. अशा योजनांत अर्जदाराची पारख करायची, कामावर लक्ष ठेवायचं आणि अडल्यास मार्ग काढायचा, ही कामं इनक्युबेटर करतात. 2021 मध्ये सुरू झालेली स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना 945 कोटींची. तिच्यातही सरकारने पैसे थेट उद्योजकाला न देता इनक्युबेटरच्या हाती दिले. कल्पना सिद्ध करण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी 50 लाखांपर्यंत कर्ज किंवा तत्सम गुंतवणूक, अशी तिची रचना होती. मंत्रालयात बसून रसायनातला आणि ड्रोनमधला फरक पारखत बसण्यापेक्षा ज्याला ते कळतं त्याच्यावर निवड सोपवणं शहाणपणाचंच होतं.

पण या पैशाहून मोठी गोष्ट म्हणजे पत. पंचविशीतल्या मुलाने एकट्याने फोन केला, तर मोठ्या रुग्णालयाचा खरेदी अधिकारी भेटीची वेळ देत नाही. तोच मुलगा नावाजलेल्या संस्थेच्या केंद्रातून आला, तर निदान अर्धा तास ऐकून घेतलं जातं. ज्याच्याकडे ना बापजाद्यांचा धंदा ना ओळखीपाळखी, त्याच्यासाठी हा अर्धा तास फार मोलाचा असतो.

आयआयटी मुंबईच्या ‘साइन’ या केंद्राची गोष्ट वेळ आणि पत या दोन्हींची आहे. संस्थेत आधी चाललेल्या प्रयत्नांना 2004 मध्ये ‘साइन’चं रूप आलं. पवईच्या याच आवारातल्या काही विद्यार्थ्यांनी 2007 मध्ये आयडियाफोर्ज ही कंपनी काढली आणि ‘साइन’च्या आधाराने वाढवली. त्यांना ड्रोन बनवायचे होते, आणि तेव्हा देशात ड्रोन हा शब्दही फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. 2009 मध्ये ‘थ्री इडियट्स’ आला. वसतिगृहाच्या खिडकीपर्यंत उडत जाणारं त्यातलं यंत्र पडद्यावर कोट्यवधी लोकांनी पाहिलं, ते या मुलांचं होतं. पुढे त्यांनी संरक्षण संशोधन संस्थेबरोबर टेहळणीचं ‘नेत्र’ हे ड्रोन केलं. कंपनी शेअर बाजारात आली ती थेट जुलै 2023 मध्ये. 672 रुपयांना विकलेला शेअर पहिल्या दिवशी जवळपास दुप्पट भावाने उघडला. नंतर तो बराच उतरलाही; बाजाराचं ते चालायचंच. इथे मोजायची आहेत ती मधली 16 वर्षं. सुरुवातीच्या काळात बाजारभावाने भाडं भरून आणि महागड्या पगाराची माणसं ठेवून एवढं थांबणं मध्यमवर्गीय घरातल्या मुलांना शक्य नव्हतं.

हा आधार आता पुण्या-मुंबईपुरता राहिलेला नाही. 2016 मध्ये नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने निवडक केंद्रांना पाच वर्षांत दहा कोटींपर्यंत मदत देऊ केली. त्यातून बारामतीला शेतीशी निगडित उद्योगांसाठी केंद्र झालं, गोव्यात साखळीच्या व्यवस्थापन संस्थेतही झालं. कंपन्यांना आपला सामाजिक जबाबदारीचा निधीही अशा केंद्रांना देता येतो.

तरीही स्टार्टअप या शब्दात न बसणारे कितीतरी लोक उरतात. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, लोहारकाम करणारी एक बाई सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्याकडे आली. तिला बचतखातं उघडायचं होतं. पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा, म्हणून तिला रोजचे थोडे पैसे साठवायचे होते. इतक्या किरकोळ रकमेसाठी बँक खातं उघडून देईना. तेव्हा बायकांनी आपलीच बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज परत पाठवला. बायका अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

पुढे कळलं की कर्जाने भागत नाही. शेळीपालन असो, शिवणकाम असो की आठवडी बाजारातला भाजीचा धंदा, नफा कशात आहे हे समजलं नाही तर कर्जाचं ओझं होतं. म्हणून 2006 च्या सुमारास माणदेशीने उद्योगिनींसाठी व्यवसायशाळा सुरू केली आणि ती बसमध्येही बसवली. ज्या बाईला घर सोडून तालुक्याला येणं जमत नाही, तिच्या गावात ती बस जाऊन उभी राहते. हिशेब कसा ठेवायचा, भाव कसा ठरवायचा, हे बसमध्येच शिकवतात. माणदेशीला कुणी इनक्युबेटर म्हणत नाही. पण जोसेफ मन्कुसोने भाडेकरूंसाठी जे केलं, तेच हे काम आहे, आणि आपल्या खेड्यांना पवईच्या केंद्राइतकीच याचीही गरज आहे.

या सगळ्याचा उपयोग मोजायचा कसा, हा प्रश्न मात्र अवघड. इनक्युबेटरमधून बाहेर पडलेल्या 87 टक्के कंपन्या पाच वर्षांनी तग धरून असतात, असा आकडा अमेरिकेत वर्षानुवर्षं सांगितला गेला. त्यावरचा आक्षेप साधा आणि रास्त आहे. केंद्रं मुळात चांगल्याच कंपन्या निवडून घेतात. त्या बाहेरही टिकल्या असत्या. हुशार मुलं निवडून घेणाऱ्या शाळेच्या निकालाइतकाच या आकड्यावर विश्वास ठेवावा. शिवाय फलक, खुर्च्या आणि वाय-फाय एवढ्यावरच चालणारी केंद्रंही आहेत. तिथे उद्योग केलेला माणूस मार्गदर्शनाला नसतो आणि उद्योजक गिऱ्हाईक शोधायचं सोडून एका अनुदानाच्या अर्जावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो. अशा ठिकाणी अडकून वाया गेलेली वर्षं तरुणाला परत मिळत नाहीत, म्हणून या ढिलाईचा राग यायला हवा.

म्हणूनच केंद्र निवडताना त्याच्या प्रमुखाशी बोलण्याआधी तिथे काम करणाऱ्यांशी बोलावं. मार्गदर्शक महिन्यातून किती वेळा भेटतो? त्याच्या ओळखीतून पहिलं गिऱ्हाईक मिळालं का? आणि इथून बाहेर पडलेल्या कंपन्या आता कुठल्या पत्त्यावर आहेत? चांगल्या केंद्रात मुक्काम साधारण तीनेक वर्षांचा असतो आणि मुदत संपली की जागा रिकामी करावीच लागते. पिल्लं मोठी झाली की कोंबडीही त्यांना टोचून पंखाखालून बाहेर काढते. मग कंपनी भोसरीत किंवा चाकणला स्वतःचा गाळा घेते, यंत्रं टेम्पोत चढतात, आणि त्याच आठवड्यात रिकाम्या टेबलावर दुसऱ्या कुणाच्या परीक्षानळ्या येऊन बसतात.